सहावीचं पुस्तक, तिसरीची वजाबाकी

देवळालीच्या एका शाळामास्तरांचं नाव २०२४ पासून देशभरातल्या सहावीच्या मुलांच्या दप्तरात जाऊन बसलं आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे ते मास्तर. त्या वर्षी एनसीईआरटीनं सहावीसाठी ‘गणित प्रकाश’ हे नवं पुस्तक आणलं आणि त्यातल्या संख्यांच्या खेळांच्या प्रकरणात कापरेकरांच्या ६१७४ या संख्येला जागा दिली. खेळ सोपा आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या क्रमानं मांडून मोठ्यात मोठी आणि चढत्या क्रमानं मांडून लहानात लहान संख्या करायची, मोठीतून लहान वजा करायची आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करायचं. उदाहरणार्थ १३४०. त्यातून ४३१० वजा ०१३४ म्हणजे ४१७६, मग ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. इथून पुढं कितीही वेळा केलं तरी ६१७४च येतं. सुरुवात कुठूनही करा, फार तर सात वजाबाक्यांत गाडी या स्थानकावर येऊन थांबते.

कापरेकरांना हे १९४९ च्या सुमारास सापडलं. मोठमोठ्या गणितज्ञांनी त्यांच्या या छंदाकडे बराच काळ कौतुकमिश्रित दुर्लक्षानंच पाहिलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगाला देवळाली माहीत झाली. अशा माणसाचं काम अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या हाती देण्याची कल्पना ज्याला सुचली त्याला गणित शिकवण्याची नस सापडली आहे, हे मान्य करायला हवं. पुस्तकात सूत्र आधी आणि उदाहरणं मागून, असा जुना थाट नाही. आकृतिबंध शोधा, अंदाज करा, तो चुकतो का पाहा, असा सूर आहे. गेली साठ वर्षं गणितसुधारणेवर जे जे बोललं गेलं, त्याचा बराचसा अर्क या पानांत उतरला आहे.

अडचण एवढीच की हा खेळ खेळायला हातच्याची वजाबाकी यावी लागते.

ती साधारण तिसरीपर्यंत शिकवली जाते. एनसीईआरटीची पुस्तकं जिथं तयार होतात त्या दिल्लीत, श्री अरविंद मार्गावरच्या तिच्या आवारापासून थोड्याच अंतरावरच्या सरकारी शाळांत, ती सहावीच्या किती मुलांना येते? २०१६ मध्ये दिल्ली सरकारनं आपल्या हजारेक शाळांतल्या सहावीच्या सुमारे दोन लाख मुलांची पायाभूत चाचणी घेतली. जवळपास तीन चतुर्थांश मुलांना स्वतःच्याच हिंदी पुस्तकातला उतारा नीट वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं सुमारे दोन तृतीयांश मुलांना जमलं नाही. ही मुलं पाच वर्षं शाळेत जाऊन आलेली होती.

दिल्लीत सहावी हा नुसता एक वर्ग नाही, तो दोन सत्तांमधला नाका आहे. पहिली ते पाचवीच्या बहुतेक सरकारी शाळा महापालिकेच्या, तर सहावीपासून पुढच्या राज्य सरकारच्या शिक्षण संचालनालयाच्या. पाचवी झालेली मुलं गठ्ठ्यानं महापालिकेच्या शाळेतून जवळच्या सरकारी विद्यालयात पाठवली जातात. २०१६ मध्ये महापालिका एका पक्षाकडे होती आणि राज्य सरकार दुसऱ्याकडे. त्यामुळे सहावीच्या मुलाला वाचता का येत नाही, या प्रश्नाचं उत्तर कुणाला विचारलं यावर ठरत असे. सहावीच्या शिक्षकाचीही पंचाईत होती. त्याची नेमणूक विषय शिकवायला झालेली असते. तो विज्ञानाचा किंवा गणिताचा पदवीधर असतो आणि अक्षरओळख कशी करून द्यायची याचं शिक्षण त्याला कुणी दिलेलं नसतं. ‘हे माझं काम नाही’ असं तो म्हणाला तर तांत्रिकदृष्ट्या ते खरंच असतं.

वाचन न येणं हा भाषेच्या शिक्षकाचा प्रश्न, असं समजून विज्ञानाचे शिक्षक तो बाजूला ठेवत आले आहेत. हा समज किती महाग पडतो, हे मुंबईत फार पूर्वी तपासलं गेलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे पहिले सूत्रधार. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यात आणि नंतर मुंबई महापालिकेच्या शाळांत काम करताना त्यांच्या लक्षात आलं की पुष्कळ मुलं विज्ञानात अडकण्याच्या आधी विज्ञानाच्या मराठीत अडकतात. केंद्रानं पाठ्यपुस्तकातला तोच आशय सोप्या, छोट्या वाक्यांच्या मराठीत पुन्हा लिहिला. संकल्पना कमी केल्या नाहीत, प्रयोग बदलले नाहीत. तरी मुलांची समज वाढलेली दिसली. आज दिल्लीत ‘जिज्ञासा’ या नव्या विज्ञान पुस्तकाबद्दल बोलताना चित्रांची आणि कृतींची तारीफ होते. ती रास्तच आहे, पण उतारा न वाचता येणाऱ्या मुलानं त्या कृतीच्या सूचना कशा वाचायच्या, हा कुलकर्णींचा प्रश्न अजून जागचा हललेला नाही.

एका वर्गात नेमकं काय चाललेलं असतं याचं सगळ्यांत स्पष्ट चित्र दिल्लीतल्याच एका प्रयोगातून मिळालं. २०१५ मध्ये कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन या तीन अर्थतज्ज्ञांनी सरकारी शाळांत सहावी ते नववीत शिकणाऱ्या ६१९ मुलांना घेऊन एक चाचणी आखली. शाळा सुटल्यावर चालणारी काही शिकवणी केंद्रं होती. तिथं ‘माइंडस्पार्क’ नावाची संगणकप्रणाली वापरत. दीड तासाच्या बैठकीतला निम्मा वेळ मूल संगणकावर एकटं बसून सोडवायचं आणि निम्मा वेळ लहान गटात शिक्षकाबरोबर जायचा. ज्यांना यायचं होतं त्यांच्यात सोडत काढून निम्म्या मुलांना फुकट प्रवेश दिला आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना केली. या प्रणालीचं वैशिष्ट्य संगणक हे नव्हतं. मूल कुठल्या इयत्तेच्या पातळीवर आहे हे ती आधी तपासायची आणि तिथूनच सुरुवात करायची, मग ते मूल आठवीत का असेना.

या तपासणीतून जे दिसलं ते प्रयोगाच्या निकालाइतकंच मोलाचं आहे. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागं होती. नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांचं झालं होतं. म्हणजे शाळेत जाता जाता मूल अभ्यासक्रमापासून लांब लांब जात होतं. एकाच वर्गाच्या बाकांवर पाच-सहा इयत्तांच्या पातळीची मुलं शेजारी शेजारी बसली होती. आणि ज्यांना सोडतीत जागा मिळाली नाही त्यांच्यापैकी तळाच्या एक तृतीयांश मुलांनी त्या काळात शाळेत जाऊनही मोजण्याजोगी काहीच प्रगती केली नाही. शिक्षक शिकवत होते आणि फळा रोज भरत होता. पण फळ्यावरचं गणित या मुलांच्या डोक्यावरून चार मजले वर चाललेलं होतं.

साडेचार महिन्यांनी केंद्रात जाणाऱ्या मुलांची गणितातली आणि हिंदीतली प्रगती इतरांपेक्षा ठळकपणे जास्त निघाली. हजेरी सरासरी निम्म्याहून थोडीच जास्त होती, तरीही. शिक्षणातल्या प्रयोगांत इतका मोठा फरक क्वचित दिसतो. मात्र संशोधकांनी आणखी एक गोष्ट केली. याच मुलांचे शाळेच्या परीक्षेतले गुण काढले. हिंदीत थोडी वाढ दिसली. गणितात जवळपास काहीच नाही.

असं का झालं हे उघड आहे. आठवीतलं मूल तिसरीच्या पातळीवरून पाचवीच्या पातळीवर चढलं. दोन वर्षांचं काम त्यानं काही महिन्यांत केलं. पण शाळेचा पेपर आठवीचा, बैजिक राशींचा. त्या पेपरात आधीही ते नापास होतं, आताही नापासच. स्वतंत्र चाचणीला जी झेप दिसली ती शाळेच्या परीक्षेला दिसूच शकत नव्हती, कारण तेवढ्या खालचे आकडे त्या मोजपट्टीवर छापलेलेच नाहीत. आता स्वतःला मुख्याध्यापकाच्या जागी ठेवून पाहा. दोन उपाय समोर आहेत. एकात तळाची मुलं खरोखर शिकतात, पण निकालाचा तक्ता हलत नाही. दुसऱ्यात परीक्षेत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं घोकून घेतली जातात आणि तक्ता हलतो. निकालाच्या तक्त्यावर ज्याची बैठक लागते तो कुठला उपाय निवडेल?

दिल्लीतली विज्ञान-गणिताची सुधारणा गेली साठ वर्षं पुस्तक कसं असावं यावर रंगत आली. पुस्तकांनी आपलं काम केलं नाही असं नाही. पण वर्गात काय घडेल हे पुस्तकापेक्षा परीक्षा ठरवते, आणि परीक्षेला हात घालणं हे पुस्तक लिहिण्यापेक्षा कितीतरी अवघड निघालं.

एनसीईआरटीची स्थापना १९६१ ची. पुढच्या दोन-तीन वर्षांत युनेस्कोच्या तज्ज्ञांची तुकडी दिल्लीत दाखल झाली. त्यांत सोव्हिएत तज्ज्ञ होते. त्यांचा आग्रह असा की सहावीपासूनच भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे स्वतंत्र विषय म्हणून शिकवावेत. तशी पुस्तकं तयार झाली, दिल्लीतल्या काही शाळांत ती करून पाहिली गेली, युनिसेफच्या मदतीनं प्रयोगसाहित्याच्या पेट्या देशभर गेल्या. दिल्ली विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंग कोठारी यांच्या आयोगानं १९६६ मध्ये पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचं करण्याची शिफारस केली, म्हणजे हे विषय निवडक हुशार मुलांपुरते राहिले नाहीत. १९७५ च्या आराखड्यानं मग तिन्ही शास्त्रं पुन्हा एकत्र करून ‘एकात्मिक विज्ञान’ आणलं. दहा वर्षांत शिक्षकाला दोनदा आपली घडी मोडावी लागली. पेट्यांचं काय झालं हे ज्यानं कुठल्याही सरकारी शाळेत कपाट उघडलं आहे त्याला सांगायला नको. यादी पूर्ण, शिक्के ठीक आणि काचसामान शाबूत. काही फुटलं तर भरपाई कोण देणार, या धास्तीनं पेटी उघडलीच जात नसे. ऑडिटच्या दृष्टीनं न वापरलेली पेटी हीच आदर्श पेटी.

या सगळ्याला कंटाळलेली दिल्ली विद्यापीठातल्या विज्ञानशिक्षकांची एक तुकडी १९७३ पासून रेल्वेनं मध्य प्रदेशात जाऊ लागली. होशंगाबाद जिल्ह्यात आदल्या वर्षी, १९७२ मध्ये, १६ शाळांत एक प्रयोग सुरू झाला होता. टाटा संस्थेतली नोकरी सोडून आलेले अनिल सद्गोपाल यांची ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचं ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्था त्यामागं होत्या. सहावी ते आठवीच्या गावातल्या मुलांनी विज्ञान स्वतः प्रयोग करून शिकावं, एवढीच त्यामागची कल्पना. ‘बाल वैज्ञानिक’ नावाच्या पुस्तकांत उत्तरं नव्हतीच, मुलांनी प्रयोग करून ती मिळवायची आणि वर्गात त्यावर भांडायचं. साहित्य गावच्या बाजारात मिळेल असं. पुण्याच्या टेल्कोतून रजा काढून १९७८ मध्ये इथं आलेल्या एका तरुण अभियंत्यानं काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. तो अभियंता म्हणजे अरविंद गुप्ता. पुढं पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांची खेळणी महाराष्ट्रातल्या कैक घरांत पोचली.

होशंगाबादची खरी मर्दुमकी खेळण्यांत नव्हती. त्यांनी परीक्षा बदलली. आठवीच्या परीक्षेला मुलं पुस्तक आणि वही उघडी ठेवून बसत, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची वेगळी परीक्षा असे. पुस्तक उघडं असल्यावर पाठांतराला किंमत उरत नाही, म्हणून प्रश्नच असे काढावे लागत की ज्यांचं उत्तर पुस्तकात नाही. असे प्रश्न काढणं शिक्षकांना शिकवावं लागलं. त्यासाठी उन्हाळ्यात लांबलचक प्रशिक्षण आणि वर्षभर दर महिन्याला बैठका होत. दिल्लीच्या प्राध्यापकांना गावातले शिक्षक तिथं खुशाल खिंडीत पकडत. मुलांच्या पत्रांना उत्तरं देण्यासाठी ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. हे पत्रव्यवहाराचं काम जाणती माणसं मन लावून करत असत. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर गेला, १९८२ मध्ये त्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली आणि पुढं तो डझनाहून अधिक जिल्ह्यांतल्या शेकडो शाळांत पसरला.

२००२ मध्ये दिग्विजयसिंग यांच्या सरकारनं तो बंद केला. आक्षेप जिल्ह्यातूनच उठला होता. ही मुलं पुढच्या बोर्डाच्या परीक्षांत मागं पडतात, राज्यभर एक पुस्तक असताना इथंच वेगळं का, असा. देशभरातल्या नामवंत शास्त्रज्ञांनी पत्रं लिहिली, काही उपयोग झाला नाही. तीस वर्षं आठवीपर्यंतची परीक्षा बदलून दाखवलेल्या कार्यक्रमाचा निवाडा दहावीच्या न बदललेल्या परीक्षेनं केला. आईबापांना दोष देणं सोपं आहे. पण ज्यांच्या मुलाला पुढं तोच पेपर द्यायचा आहे त्यांनी सहावीतल्या काड्या-चुंबकांकडे संशयानं पाहिलं, तर त्यांचं गणित चुकलं होतं असं म्हणवत नाही.

याच सुमारास दिल्लीत सुधारणेची पुढची लाट तयार होत होती. १९९३ चा ‘शिक्षा बिना बोझ के’ हा अहवाल देणारे प्रा. यशपाल हे मूळचे टाटा संस्थेतले आणि होशंगाबादच्या प्रयोगाचे सुरुवातीपासूनचे पाठीराखे. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाला. विज्ञानाच्या गटाचं नेतृत्व होमी भाभा केंद्राचे अरविंद कुमार, गणिताच्या गटाचं चेन्नईचे आर. रामानुजम आणि विज्ञान-गणिताच्या पुस्तकांच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष आपले जयंत नारळीकर. गणिताच्या गटानं तर सरळ लिहून टाकलं की शालेय गणित बहुसंख्य मुलांत भीती आणि अपयशाची भावना निर्माण करतं आणि मूठभर हुशार मुलांनाही निराशच करतं. २००६ पासून आलेली पुस्तकं चांगली होती. पुढची सतरा-अठरा वर्षं ती चालली. आणि त्याच काळात दिल्लीच्या नई सड़कवर त्या पुस्तकांची गाइडंही तडाखेबंद खपली. ‘कृती करा आणि चर्चा करा’ असं पुस्तकात लिहिलेलं असे, आणि चर्चेचं तयार उत्तर गाइडात.

दिल्लीतल्या तेव्हाच्या आम आदमी पक्षाच्या सरकारनं २०१६ च्या चाचणीनंतर जे केलं, ते या परंपरेच्या बाहेरचं होतं. पुस्तकाला हात न लावता मुलांची विभागणी बदलली. ‘चुनौती २०१८’ या नावाखाली सहावी ते आठवीतल्या मुलांचे वाचनाच्या पातळीनुसार ‘प्रतिभा’ आणि ‘निष्ठा’ असे गट झाले. मागं पडलेल्यांसाठी शिक्षकांनीच ‘प्रगती’ नावाच्या सोप्या पुस्तिका तयार केल्या, दोनशे शिक्षकांना मार्गदर्शक म्हणून शाळाशाळांतून फिरवलं. २०१८ मध्ये ‘मिशन बुनियाद’नं तिसरीपासूनची मुलं आणि महापालिकेच्या शाळाही त्यात ओढल्या. पातळीनुसार शिकवण्याची ही पद्धत माधव चव्हाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘प्रथम’नं मुंबईच्या वस्त्यांतून सुरू करून देशभर नेली होती.

टीका लगेच झाली. ‘निष्ठा’त बसवलेल्या मुलाला आपण ‘प्रतिभा’त नाही हे कळायला वेळ लागत नाही, आणि कळल्यावर ते विसरत नाही. शिक्षणशास्त्राच्या अनेक अभ्यासकांनी याला नव्या नावाची जुनी उतरंड म्हटलं. मुद्दा खोटा नव्हता. तरी या योजनेनं एक मोठं काम केलं. सहावीचं मूल दुसरीच्या पातळीवर असू शकतं आणि त्याला दुसरीचं शिकवणं हे सहावीच्या शिक्षकाचं अधिकृत काम आहे, असं सरकारी कागदावर आलं. दोष गटांत होता त्यापेक्षा जास्त वर्षाच्या शेवटी होता. वर्षभर वेगवेगळं शिकलेली मुलं मार्चमध्ये त्याच इयत्तेच्या अभ्यासक्रमाकडे परत येत. ते शिक्षकालाही माहीत होतं आणि मुलालाही. म्हणून दिवाळीनंतर ‘प्रगती’ बाजूला पडून ‘सिलेबस’ सुरू होणं स्वाभाविक होतं.

शिक्षकाच्या दिवसाकडेही बघायला हवं, कारण सुधारणेच्या प्रत्येक अहवालात तो शेवटच्या प्रकरणात येतो. दिल्लीत कैक शाळा दोन पाळ्यांत भरतात, सकाळी मुलींची आणि दुपारनंतर मुलग्यांची. दुपारच्या पाळीचा विज्ञानशिक्षक मे महिन्याच्या उन्हात पत्र्यासारख्या तापलेल्या वर्गात खचाखच भरलेल्या बाकांपुढं उभा असतो. इमारतीत प्रयोगशाळा असते, पण ती नववी-दहावी आणि त्यापुढच्यांसाठी. आठवीपर्यंतच्या मुलांना तिचं दार बाहेरून माहीत असतं. तो स्वतः बहुधा वनस्पतिशास्त्र किंवा रसायनाचा पदवीधर आणि शिकवायची तिन्ही शास्त्रं. मध्येच निवडणूक याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. पुष्कळजण अतिथी शिक्षक म्हणून रोजंदारीवर, पुढच्या सत्राची खात्री नसलेले. अशा माणसाला ‘मुलांना प्रश्न विचारू द्या’ असं सांगणारं परिपत्रक येतं तेव्हा तो हसला तर त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

यमुनेपलीकडे नोएडात किंवा दक्षिणेला गुरुग्राममध्ये चित्र वरकरणी उलटं आहे. तिथल्या खासगी शाळांत रोबोटिक्सच्या खोल्या आहेत, थ्रीडी प्रिंटर आहेत. आणि मेट्रोच्या खांबाखांबांवर सहावीपासूनच्या ‘फाउंडेशन’ शिकवण्यांच्या जाहिराती आहेत, उद्दिष्ट आयआयटी. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली, तरी या बाजाराला धक्का बसल्याचं दिसत नाही. या मुलांना वजाबाकी येते, बीजगणितही येतं. सातवीत दहावीचं गणित सोडवणाऱ्या या मुलांचा आणि नववीत चौथीचं न येणाऱ्यांचा गुंता एकाच ठिकाणाहून सुरू होतो. दोघांच्याही शिकण्याची चाल कुठल्यातरी पेपरनं बांधून टाकली आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दिल्ली-कोलकात्याचा एक अभ्यास आला. त्यानं तर आणखी पेच टाकला. अभिजीत बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात विक्री करणाऱ्या १४३६ मुलांशी गिऱ्हाईक बनून व्यवहार केले. ८०० ग्रॅम बटाटे २० रुपये किलोचे, १ किलो ४०० ग्रॅम कांदे १५ रुपये किलोचे, दोनशेची नोट, परत किती? मुलं कागदपेन्सिलीशिवाय झटक्यात सांगत. सोळा आणि एकवीस सदतीस, परत एकशे त्रेसष्ट. हीच मुलं शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या साध्या वजाबाकी-भागाकारात गडबडत. त्यांतली बरीचशी शाळेतही जाणारी होती. मग जवळच्या शाळांतल्या, बाजारात काम न करणाऱ्या ४७१ मुलांना तपासलं तर नेमकं उलटं. वहीतली सोपी गणितं त्यांना बरी येत, पण एक तृतीयांशाहून जास्त कामकरी मुलांनी सोडवलेलं बाजारातलं उदाहरण त्यांच्यापैकी जेमतेम एक टक्का मुलांना जमलं. मोठ्या गुणाकारासाठी ती कागदावर रेघोट्या मारून मोजत बसली.

म्हणजे ‘मुलांना गणित येत नाही’ हे वाक्यसुद्धा तपासून घ्यायला हवं. आझादपूरच्या आसपास भाजीची गाडी सांभाळणारा मुलगा वजनाचं अपूर्णांकी गणित तोंडी करतो. आठशे ग्रॅम म्हणजे किलोला दोनशे कमी, वीस रुपयांना चार कमी, हा हिशोब वितरण गुणधर्माचाच आहे, फक्त त्याला ते नाव माहीत नाही. शाळेनं त्याला विचारायला हवं होतं की तू हे कसं केलंस, आणि तेच मग चिन्हांत लिहून दाखवायला हवं होतं. शाळा त्याला विचारत नाही, कारण पेपरात ‘रीत’ला गुण असतात आणि त्याच्या रीतीला तिथं जागा नाही. दुसऱ्या बाजूला शाळकरी मुलाच्या हातात रीत आहे, पण ती बाजारात चालत नाही, आणि नववीतही फार लांब चालत नाही. ‘गणित प्रकाश’सारखी पुस्तकं या दोन मुलांची गाठ घालून देऊ शकतील. कापरेकरांचा खेळ तोंडी, अंदाजानं, शेजाऱ्याशी बोलत खेळता येतो. त्यासाठी तो तास परीक्षेच्या वेळापत्रकातून सोडवून घ्यावा लागेल.

वेळापत्रक मात्र उलट दिशेला निघालं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत कुणालाही नापास करायचं नाही असं ठरवलं होतं. २०१९ मध्ये कायदा बदलून पाचवी आणि आठवीला मूल त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. दिल्लीनं ती २०२३-२४ पासून वापरली. त्या पहिल्याच वर्षी सरकारी शाळांत आठवीची सुमारे ४६ हजार मुलं नापास झाली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रानंही आपल्या नियमांत तीच तरतूद केली. त्यात असं आहे की नापास झालेल्या मुलाला जादा शिकवायचं, त्याच्या शिकण्यात कुठं खळगे आहेत ते शिक्षकांनी शोधायचं, पालकांना विश्वासात घ्यायचं. कागदावर हे शहाणपणाचं आहे, होशंगाबादच्या माणसांनाही पटेल असं. या सगळ्यासाठी दिलेली मुदत दोन महिन्यांची आहे. साडेचार इयत्तांचं अंतर असलेल्या मुलालाही तेवढीच. त्यानंतर पुनर्परीक्षा, आणि तिचा पेपर आठवीचाच.